पाथर्डी टाकून न सापडलेला प्रबंध

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधीच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दारात माझ्या आईला अडवण्यात आले. सुरक्षारक्षकाने ओळखपत्र मागितले. आईने आधार कार्ड पुढे केले. ते चालत नव्हते. संशोधक विद्यार्थ्याचे कार्ड हवे होते.

"दादा," आई म्हणाली, "पुस्तक माज्या बोलन्यावर लिवलंय, आन् कार्ड मलाच मागतो व्हय?"

आम्ही पहाटेच्या एसटीने पाथर्डीहून निघालो होतो. कारण जुने होते. मी तिसरीत असताना आई-वडील ऊसतोडीला पुणतांब्याच्या बाजूला, गोदावरीकाठच्या फडावर होते. मीही त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहत होते आणि धाकट्या भावाला सांभाळत होते. हंगाम अर्धा झाला असताना मला गावी परत आणून पुन्हा शाळेत घातले गेले. पुढे मी शिकले, जिल्ह्याच्या ठिकाणी एका वर्तमानपत्रात नोकरीला लागले. मला शाळेत परत कोणी घातले, यावर आमच्या घरात दोन म्हणणी आहेत. आई म्हणते, मी. माझे चुलते म्हणतात, मी.

चुलते गावातच असत. शाळा सुरू होती तेव्हा मी त्यांच्या घरी राहिले आणि जेवले, हे खरे आहे. त्यापुढचेही ते स्वतःच्या नावावर सांगतात. दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेच्या ओट्यावर ते दोन शब्द बोलतात. त्यात एक वाक्य ठरलेले असते: "पोरीला उसाच्या फडातून उचलली आन् शाळेत बसवली, म्हणून आज पेपरात नाव येतं." लोक टाळ्या वाजवतात. आई मागे बायकांत बसलेली असते.

गेल्या वर्षी प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावणे आले. आईने अट घातली.

"या वर्षी ते वाक्य झालं, तर तू उठून खरं सांगायचं."

मी म्हणाले, मला आठवत नाही. मी आठ वर्षांची होते. कागद असेल तर सांगते.

"आईचं खरं मानायला पन पेपरवाल्यांना कागद लागतो?"

मी हो म्हणाले.

"मंग हाय कागद. ती चष्म्याची बाई आल्ती ना फडावर. मी सांगत गेले, ती लिवत गेली. माज्या कोपीत बसून गुळाचा चहा प्याली. म्हनली, याचं पुस्तक हुनार, विद्यापीठात ठिवनार."

चष्म्याच्या बाईचे नाव आईला माहीत नव्हते. साल माहीत होते, कारण त्या साली मी तिसरीत होते. प्रबंध कोणत्या विषयातला, मार्गदर्शक कोण, सादर केव्हा झाला, काहीच नव्हते.

देशभरातल्या प्रबंधांचा जो ऑनलाइन साठा आहे, तिथून मी सुरुवात केली. तिथे तो नव्हता. इतके जुने प्रबंध सगळे स्कॅन झालेले नाहीत. मग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा कॅटलॉग उघडला. त्यात जुन्या प्रबंधांची नुसती नोंद असते: शीर्षक, नाव, वर्ष, विषय, कपाटाचा क्रमांक. मी 'पाथर्डी' टाकले. मराठीत टाकले, इंग्रजीत तीन स्पेलिंगांनी टाकले. 'ऊसतोड', 'स्थलांतर', 'दुष्काळी' हे शब्द 'पाथर्डी'ला जोडून पाहिले. जे आले ते सगळे उघडले. पाणलोट, बाजरी, कानिफनाथांची यात्रा, सहकारी पतसंस्था. सात संध्याकाळी गेल्या. आठव्या संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितले की असा प्रबंध नाही.

"काय टाकती तू त्यात?"

"पाथर्डी."

पलीकडे आई हसली. "अगं येडे, दिवाळीनंतर पाथर्डीत हुतं कोन? म्हातारी मान्सं आन् कुत्री. ती बाई आमाला गावात भेटली का? आमी नदीकाठाला, ती नदीकाठाला आली. तिथलं टाक."

फडावर वाढलेल्या मुलीने ही चूक करायला नको होती. प्रबंधाला गाव असते ते संशोधक जिथे बसून लिहून घेतो तिथले. शीर्षक आणि विषय दोन्ही रकान्यांतून मी आमचा तालुका काढून टाकला, 'गोदावरी' आणि 'ऊसतोड' एवढेच ठेवले, सादर झाल्याचे वर्ष तिसरीनंतरच्या पाच वर्षांत बांधले. एक नोंद आली. समाजशास्त्र. संशोधक स्त्री. एक प्रत, ग्रंथालयाबाहेर नेण्यास मनाई.

म्हणून तो सोमवार.

सुरक्षारक्षकाने आतून ग्रंथपाल बाईंना बोलावले. त्यांनी नियम सांगितला: बाहेरच्या वाचकाला प्रबंध पाहायचा तर अर्ज, आणि अर्जावर संशोधनाचे कारण.

"मावशी, तुम्ही कशावर संशोधन करताय?"

"कशावर न्हाई. मी त्यातली बाई हाय. माजं म्हननं बरोबर उतरवलं का, ते बगायचंय."

ग्रंथपाल बाईंनी अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात मी आईचे वाक्य लिहिले, खाली आईने अंगठा दिला. एक तास मिळाला. झेरॉक्सला परवानगी नव्हती, हाताने उतरवायला होती.

प्रबंधात कोणाचेही नाव नव्हते. बायकांना क्रमांक दिले होते. तालुका पाथर्डी, एक मुलगी, एक मुलगा, अशी बाई चौथ्या प्रकरणात सापडली. परिच्छेद मी आईला हळू आवाजात वाचून दाखवला. दिराने निरोप पाठवला होता की पोरगी फडावरच राहू द्या, धाकट्याला सांभाळेल. तोडणीच्या टोळीचा मुकादमही तेच म्हणाला. बाईने दोघांचे ऐकले नाही. भावाला पाठीशी बांधले, एक दिवस कामावर खाडा केला, एसटीने मुलीला गावी नेले, शाळेत नाव घातले आणि रात्रीच्या आत फडावर परत आली.

आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचला. मग वहीत उतरवला, पान क्रमांकासह.

पंधरा ऑगस्टला चुलत्यांनी ते वाक्य म्हटले. मी उठले आणि वही वाचली.

"यात वहिनीचं नाव कुठंय?" चुलते म्हणाले. "ती कुनीबी बाई आसंल."

आई बायकांतून उभी राहिली. "भावजी, त्या साली फडावरनं मदीच कुनाची पोरगी शाळेत परत आली? दुसरं एक नाव सांगा. सांगा ना."

चुलते म्हणाले, शाळेच्या कागदावर बघा, सही माझीच निघेल.

मुख्याध्यापकांनी कपाट उघडले. त्या सालचे प्रवेश अर्ज एका फाईलमध्ये बांधलेले होते. माझा अर्ज सापडला. चुलते सातवी शिकलेले आहेत, सही करतात. अर्जावर पालकाच्या सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा आहे, आणि शेजारी तेव्हाच्या गुरुजींच्या अक्षरात 'आई' असे लिहिले आहे.