लाल शाईने विचारलेला प्रश्न

त्या सोमवारी चारच्या आत पहिल्या वर्षाच्या मुलींचे गुण प्राचार्यांकडे द्यायचे होते आणि त्यांतली एक, ऋतुजा, माझ्या हातून नापास होत होती. तिचं वर्ष गेलं तर घरचे तिला पुन्हा पाठवणार नाहीत, लग्न लावून मोकळे होतील, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मी न्यायानेच गुण दिलेत, असं स्वतःला बजावत होते. तरी तिच्या नावापुढचा आकडा मी पुन्हा पुन्हा पाहत होते.

मी चिखलीजवळच्या एका नर्सिंग शाळेत शिकवते. बाबा देव न मानणारे कार्यकर्ते; त्यांच्या पिशवीत कायम समतेची पत्रकं असायची. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांवरच. देव मानते हे मात्र मी त्यांच्यापासून लपवलं. पर्सच्या आतल्या कप्प्यात रेणुकामायचा छोटा फोटो असतो, एवढंच. माझ्या मनात कुणाबद्दल आकस नाही याची मला खात्री होती. वर्गात ठणकावून सांगायचे, रुग्णाला हात लावण्याआधी आपल्या मनात काय आहे ते तपासा. ऋतुजा मोठ्या शेतीवाल्या घरची. गाडीतून यायची, कमी बोलायची, हात मऊ. ही काय कुणाचं शौचाचं भांडं उचलणार, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. वॉर्डातल्या परीक्षेत तिला जेमतेम गुण दिले. उलट धामणगाव बढ्याची वैशाली, जिची आई रोजाने शेतात निंदायला जाते, तिच्यात मला मीच दिसायचे. आता उरली होती फक्त केस-स्टडीची फाइल, म्हणजे प्रत्येकीने सांभाळलेल्या एका रुग्णाची नोंद.

रविवारी साखरखेर्ड्याहून मावशीकडून येताना त्या फायली माझ्या मांडीवर होत्या. एसटीने करकचून ब्रेक मारला आणि सगळ्या खाली गेल्या. त्यांतल्या दोन फायलींच्या दोऱ्या सुटून पानं बाकाखाली पांगली. मी घाबरीघुबरी झाले. समोरच्या बाकावरची, मिरच्यांची पिशवी घेतलेली एक बाई खाली वाकली.

"काऊन वं बाई, एवढी काऊन घाबरून राह्यली? कागदच त सांडले, लेकरू नाई सांडलं!"

आजूबाजूचे हसले. तिने पानं गोळा केली, दोन पुठ्ठ्यांत घातली, दोऱ्या बांधल्या. "मले वाचता येत नाई. तू पाय एकडाव बराबर हाये का." मी हो हो म्हणाले आणि पाहिलं नाही. पानांवर नाव घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती; नाव फक्त पुठ्ठ्यावर. पुढच्या थांब्यावर ती उतरून गेली.

दुपारी घरी तपासायला बसले. वैशालीच्या फाइलमध्ये एका बाळंतिणीची नोंद होती. तिचं दुखणं तिच्याच शब्दांत लिहिलेलं, "मले बसताच येऊन नाई राह्यलं." मी शेजारी लिहिलं, रुग्णाची भाषा जपली, छान. पंचवीसपैकी बावीस. ऋतुजाच्या फाइलमध्ये अंथरुणाला खिळलेले एक आजोबा होते. पाठीला जखम, दर दोन तासांनी कुशीवर वळवलं, अशी स्वच्छ नोंद. मी लाल शाईने विचारलं, "कोणी वळवलं? तू की नातेवाइकांनी?" पंचवीसपैकी नऊ.

सोमवारी तीन वाजता मुलींना सह्यांसाठी फायली दिल्या. वैशालीने पान उलटलं आणि ती उभी राहिली.

"मॅडम, माह्या नावावर बाळंतीण कुठून आली? म्या त ना बाळंतीण पाह्यली, ना बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या!"

वर्ग खदखदून हसला. तिने ऋतुजाच्या हातातली फाइल ओढून घेतली, लाल शाई वाचली आणि तिचं हसू ओसरलं. "मॅडम, आजोबाले मीच वळवत होतो. सिस्टर अन् मी. नातेवाईक होतेच कुठं त्यांले?"

ऋतुजा बसूनच हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, ते आजोबा खरंच माझ्याकडे असते, तरी तुम्ही हेच लिहिलं असतं ना?"

मी दोन्ही फायली पुन्हा उघडल्या. मी पानं वाचलीच नव्हती, पुठ्ठ्यावरची नावं वाचली होती. चाराला वीस मिनिटं होती. गुणांची अदलाबदल करून कागद देता आला असता, कुणाला काही कळलं नसतं. पण वॉर्डातल्या त्या जेमतेम गुणांचं काय? तेही मी तिच्या हातांचा मऊपणा बघूनच दिले होते. माझी नोकरी कंत्राटी. पर्समध्ये हात घालून फोटो मुठीत धरला. माय, माझ्याच्याने होत नाही, एवढंच म्हणाले, आणि पाय प्राचार्यांच्या खोलीकडे वळले.

मी सगळं सांगितलं. प्राचार्य मॅडम चिडल्या, "नोकरीची पर्वा हाये का नाई तुले?" असं ओरडल्या. शेवटी त्यांनी दोन दिवसांची मुदत दिली. पानं आपापल्या पुठ्ठ्यांत परत घातली, सगळ्या फायलींवरची नावं आणि माझी लाल शाई पट्ट्या चिकटवून झाकली आणि दुसऱ्या बाईंनी त्या तपासल्या. ऋतुजाची वॉर्डातली परीक्षाही त्यांनीच पुन्हा घेतली. मी दाराबाहेर उभी होते. आत ती एका आजीचं भांडं उचलत होती, नाक न मुरडता. ती पास झाली. वैशालीही झाली.

बसमधल्या त्या बाईला काय म्हणावं, मला ठरवता येत नाही आणि मी ठरवतही नाही. तिने पानं चुकीच्या पुठ्ठ्यांत घातली, म्हणून माझी चूक मला वाचता आली. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मनातला भेद शोधत हिंडले; माझ्या मनातला दाखवायला रेणुकामायला एवढा खटाटोप करावा लागला. आता तिच्यापुढे हात जोडते तेव्हा मी बरोबर आहे असं सांगत नाही. माझं चुकत असेल तर दाखव, आणि कुणाचं वर्ष जायच्या आत दाखव, एवढंच मागते.

ऋतुजा आता दुसऱ्या वर्षाला आहे. समोरून आली की नमस्कार करते, पण हसत नाही. सुरुवातीला मला ते टोचायचं, वाटायचं, एकदा तरी हसावं. हळूहळू उमगलं की ते मागायचा हक्क माझा नाही. ती वॉर्डाकडे जाते आणि मी बाजूला होऊन तिला वाट देते.