पिशवीवरचं आडनाव

"ताई, हातमोजे घाला आधी. मग पेटीला हात लावा."

दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमधली खोली. मधे स्टीलचं टेबल. टेबलावर द्राक्षांच्या दोन पेट्या, शीतगृहातून नुकत्याच काढलेल्या. एकीत नेहमीची प्लॅस्टिकची पिशवी, दुसरीत मी बनवलेली. खुर्चीत मालक, त्यांना सगळे दादा म्हणतात. शेजारी त्यांचा पुतण्या, शेतीची डिग्री घेतलेला, माल तपासणारा. आणि दोन बागायतदार.

दादांनी सांगितलं तसे मी मोजे घातले. मला बरंसुद्धा वाटलं. म्हटलं, माणूस स्वच्छतेचा पक्का आहे, ह्याला माझा माल पटेल.

मग दादांनी उघड्या हाताने पहिली पेटी फाडली. पुतण्याने उघड्या हाताने घड उचलला. एक बागायतदार थेट बागेतून आला होता, नखांत माती. त्यानेही हात घातला आणि मणी तोडून तोंडात टाकला.

मोजे फक्त माझ्या हातात होते.

मी ते काढले नाहीत. दरासाठी भांडायला लागले की मी समोर कोण आहे ते बघत नाही. अंबडच्या प्लॅस्टिकचा दाणा विकणाऱ्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे मला वचकून असतात. त्या दिवशी गप्प बसले. अख्ख्या हंगामाची ऑर्डर त्या खोलीत होती. ती मिळाली तर माझं मशीन हंगामभर चालणार होतं, नाहीतर अर्धे दिवस बंद.

माझी पिशवी काय करते ते सांगते. प्लॅस्टिकच्या दाण्यात जस्ताच्या ऑक्साइडचे कण मिसळायचे. इतके बारीक की डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. तो दाणा वितळवून, त्याचा फुगा फुगवून पिशवी काढायची. जंतू, बुरशी त्या पिशवीला टेकली की तिथं त्यांची वाढ अडते. पिशवी जिथं टेकते तिथंच हे होतं, मण्याच्या आत नाही. मी उगाच जास्त सांगून माल विकत नाही. कण फळात उतरत नाहीत ना, हे तपासून घेतलंय, तो रिपोर्ट दादांना आधीच दिला होता.

पेटी उघडली की आमच्याकडे आधी देठ बघतात, मणी नंतर. नेहमीच्या पेटीतले देठ तपकिरी पडले होते. बुरशी लागू नये म्हणून पेटीत गंधकाचा कागद घालतात, त्याला टेकलेले मणी पांढुरके झाले होते. कोपऱ्यातल्या घडांवर राखाडी बुरशी. मग माझी पेटी मी उघडली. देठ हिरवे. बुरशी माझ्याही पेटीत होती, पण एका घडापुरती. पुतण्याने घड धरून झटकला. मणी गळले नाहीत.

"भारी आहे," तो म्हणाला.

मी घड तोडून नखांत माती असलेल्या बागायतदारापुढे धरला. त्याने हात पुढे केला, तेवढ्यात शेजारच्याचं कोपर त्याला लागलं. हात मागे गेला.

"नको ताई. आज उपास हाय माझा."

आत्ताच त्याने नेहमीच्या पेटीतला मणी खाल्ला होता. आणि द्राक्षं उपासाला चालतात, हे नाशिकात शेंबडं पोरही सांगेल. दुसरा खाली बघून हसला. पुतण्या फोनमध्ये शिरला. माझ्या हातातला घड तसाच राहिला.

दादांनी दराचं काढलं. त्यात मी हुशार आहे. ते खाली ओढत होते, मी वर. शेवटी जमलं. मग ते खुर्चीत मागे रेलले.

"माल चांगला हाय तुमचा, नाय कोण म्हणतंय? फक्त एक करा. पिशवीवरचं ते आडनाव काढा."

"का?"

"मी नाय मानत हो तसलं काही. पण पेट्या भरायला बाया येतात, शेतकरी येतात, वाचतात. खायची वस्तू हाय ना. त्याच्यासाठी दर वाढवून देतो की."

धंद्यात आल्यापासून प्रत्येकाने माझा दर पाडलाय. आपणहून वाढवणारा हा पहिला.

कारखान्याला वडिलांचं आडनाव दिलंय. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कोळशाची राख उपसायचे. घरी आले की भुवयासुद्धा राखेच्या. ते आडनाव मी इथं लिहिलेलं नाही. तुम्हीही पहिल्या ओळीपासून तेच शोधत असाल.

"दादा, दर अजून पाडायचा तर पाडा. बसते मी. आडनाव निघणार नाही."

"तापू नका ताई. धंद्यात एवढं तापून चालत नाही."

"तुमची द्राक्षं त्याच पिशवीत आठवडेच्या आठवडे राहिली. त्यांना ते नाव झोंबलं नाही. तुम्हाला झोंबतंय."

मी मोजे काढून टेबलावर टाकले. माझ्या पेटीतला एक मणी उघड्या हाताने तोडून खाल्ला. गोड होता. पेटी उचलली आणि निघाले. मला थांबवायला कुणी उठलं नाही. उपास असलेला तर दारातून बाजूला सरकला, पदर लागेल म्हणून.

घरी भावाला सांगितलं. वाटलं, हा तरी पेटेल.

"काढून टाकायचं ना," तो म्हणाला. "नाव काय चाटायचंय, आक्का? तू पण ना!"

त्याने पोरांच्या शाळेसाठी गॅझेटमध्ये देऊन आडनाव बदलून घेतलंय. गावाच्या नावावरून केलेलं, ऐकून काहीच कळत नाही असं. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या पोरांना वर्गात कुणी सरकून बसत नाही. पण आई-वडील गेले, आणि आता ते आडनाव लावणारी घरात मी एकटीच.

तो हंगाम वाईट गेला. गल्लीत बायका ह्या हट्टाला माज म्हणतात. शेडमध्ये बसलं की शेजारच्या कारखान्याचं मशीन ऐकू यायचं. माझं थंड. बोलायला माणूस नाही. भांडायलासुद्धा नाही, आणि मला त्याचीच जास्त सवय.

परवा पुतण्याचा फोन आला. नवा हंगाम तोंडावर आलाय.

"ताई, दादा म्हणतात, आडनाव राहू द्या. फक्त बारीक करा. खाली कोपऱ्यात. चालेल ना?"

मला हसू आलं. ही माझीच चाल. आधी सगळं मागायचं, मग अर्ध्यावर यायचं. समोरच्याला वाटतं आपण जिंकलो. अर्ध्यावर सौदा तुटत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

"नाही चालणार," मी म्हटलं.

"अहो, निघालं थोडंच? वाचता येईल ना."

"दादांना सांग, दरावर बोलायचं असेल तर उद्या येते. आडनाव आहे तेवढंच राहील, आहे तिथंच राहील."

फोन बंद झाला. परत आला नाही. येणारही नाही कदाचित. मशीन बंद ठेवावं लागलं तर ठेवीन. विकावं लागलं तर विकीन. पण ह्या मशीनमधून निघालेल्या प्रत्येक पिशवीवर ते आडनाव त्याच आकाराचं असेल, आणि ज्याला माझी पिशवी हवी त्याला ते हातात धरावं लागेल.