इनेसमायचा आंबा

रोझालिना लग्न होऊन आरोंद्याला आली, त्याच आठवड्यात तिने घरातलं पहिलं भांडण ऐकलं. चुलीपुढे बसून ती तिसऱ्यांचे शिंपले फोडत होती. बाहेर अंगणात, म्हणजे खळ्यात, सासरा पेद्रू आणि त्याचा थोरला भाऊ साल्वादोर, मध्ये रचलेल्या दगडांचा गडगा, आणि दोघांच्या डोक्यावर एकच आंबा.

"तुझ्या खळ्यात पडलेलो आंबो माझो! बुंदो माझ्या हद्दीत आसा!"

"मगे पानांय तुझीच! रोज सकाळी ये नि झाडून घेवन जा!"

"तोंड सांबाळ, पेद्रू!"

"आणि काल माझी कौलां फुटली, तो आंबो कोणाचो होतो?"

ह्यावर थोरल्याने वर कौलांकडे बघितलं. कौलं भरून द्यायची म्हणजे कठीणच. मग आवाज आणखी चढवून म्हणाला, "जा काय तुझ्या खळ्यात पडात ता तुझा! आंबोय तुझो, कौलांय तुझी! पण झाडाक हात लावचो नाय. तू नाय, तुझ्या पोरांनी नाय, तुझ्या सुनेनय नाय!"

सून आत तिसऱ्या फोडायची थांबली. आल्या आल्या आपलं नाव भांडणात गेलं म्हणजे आपण घरच्या झालो, असं तिने मनाशी धरलं.

त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद. नाताळच्या नेवऱ्यांचं ताटसुद्धा गडगा ओलांडेना. आणि ज्याच्यावरून हे सगळं, तो आंबा दोघांच्या आजीने, इनेसमायने लावलेला. साधा बाठ्यातून, कोयीतून आलेला, पण तसा आंबा साऱ्या आरोंद्यात नव्हता. कच्चा असला तर मिस्कुटाचं लोणचं घालावं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फोड दाताखाली करकरीत लागायची. पिकला तर रेषा नाही, नुसता रस. वाडीतल्या कितीतरी जणांनी त्याचे बाठे नेऊन रुजवले. झाडं झाली, आंबे धरले, आणि तोंडं वेडीवाकडी झाली. रोझालिना हसायची. "बाठ्याची आवय कळता. बापूस खंयचो, कोणाक ठावक! तसोच आंबो होयो तर कलम करूक होया."

हे तिला माहेरचं ज्ञान. तिचा बाप इन्सुलीला लोकांच्या बागांत कलमं बांधायचा. लग्नाच्या पेटीत तिने दोन बांगड्यांच्या बरोबरीने त्याचा जुना वस्तरा आणला होता. सासू तो बघून दोन दिवस लांबून जेवण वाढत होती. पुढे त्याच वस्तऱ्याने रोझालिनाने मागीलदारी चिकू, जाम, मानकुराद आंबा, काय काय बांधलं. पट्टी दुधाच्या पिशवीची, सावली माडाच्या झापांची, बसायला पाट. वाडीत घर बांधलं, पोर झालं, की रोझालिनाकडून एक कलम जायचंच. पण गडग्यावरच्या आंब्याला मात्र तिने कधी हात लावला नाही.

म्हातारे दोघेही गेले. थोरल्याच्या घरात त्याचा मुलगा डॉमिंगो आला, बापाचं घर आणि बापाचा राग, दोन्ही जपणारा. आणि एका उन्हाळ्यात रोझालिनाला आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला. भिरूड लागला होता. किडा आतून खोड पोखरतो, वर पानं हिरवी, म्हणून बघणाऱ्याला काही कळत नाही. हे झाड गेलं की इनेसमायचा आंबा जगातून गेला, पुन्हा कुठून आणायचा?

तिने शेजारच्या हौसाबाईला निरोप घेऊन पाठवलं. हौसाबाई निरोप न्यायला एका पायावर तयार असायची, कारण येताना उत्तर आणायला मिळायचं.

"डॉमिंगो, रोझालिना म्हणता झाडाक भिरूड लागलोहा. तार घालून काड. नि कलमाक चार काड्यो दी."

"तिका सांग, माझ्या बापाशीन सांगलेला आसा. खळ्यात पडात ता तिचा. झाडाक हात लावचो नाय."

आता गंमत अशी, की अर्ध्या फांद्या रोझालिनाच्याच खळ्यावर होत्या. हात वर केला की डहाळी हातात. नवरा म्हणाला, "तोड गो. कोण बघता?"

"मी बघतंय मां," ती म्हणाली. "उद्या हो आंबो धरलो की मी त्याचा नाव ताठ मानेन सांगतलंय. चोरून आणलेल्याचा नाव हळू सांगूचा लागता."

तिने बाठे रुजत घातले. पावसाला जोर आला तसे कोंब वर आले, तांबूस, बोटाएवढे, अगदी कलमाजोगे. पण वर बांधायला काडी नाही. रोज सकाळी ती खळ्यात जाऊन वर बघायची. पानं पडत, काटक्या पडत, सगळ्या सुक्या. हिरवी काडी आपसूक कशाला पडेल?

आणि एका सकाळी, पाऊस उघडला असताना, कौलांवर धडाधड आवाज झाला. वांदर! अख्खा कळप. एरवी रोझालिना डबा बडवत त्यांच्यामागे शेतापर्यंत धावायची. त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार तिला तोंडपाठ होता. आजही नवऱ्याने डबा उचलला, तोच तिने तो हिसकावून घेतला.

"गप बस! पावणे इलेहत!"

वांदरांनी आंब्यावर नुसता धुमाकूळ घातला. कोवळी पानं खाल्ली, डहाळ्या मोडल्या, अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे फेकल्या. पलीकडून डॉमिंगो शिव्या घालत होता. अलीकडे रोझालिना डोक्यावर सूप धरून हिरव्या काड्या वेचत होती. एकेक ओल्या फडक्यात गुंडाळली आणि तशीच पाटावर बसली. खरं तर काडीची पानं आठवडाभर आधी छाटून ठेवायची असतात, म्हणजे डोळा फुगतो. वांदरांना ते कोण सांगणार? कोंब कापला, मध्ये चीर दिली, काडीला पाचरीसारखं तासलं, बसवलं, पट्टी आवळली. दुपारचं जेवण त्या दिवशी नवऱ्याने केलं आणि ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

आठवड्याभरात बहुतेक काड्या काळ्या पडल्या, विझलेल्या वातीसारख्या. रोझालिना रोज एक उपटून टाकायची. शेवटी दोनच राहिल्या. त्या दोघींनी मात्र डोळा उघडला.

पुढच्या पावसात इनेसमायचा आंबा पडला. वारासुद्धा फारसा नव्हता. डॉमिंगोच्या गोठ्याचा कोपरा घेऊन आडवा झाला. डॉमिंगो बुंध्यावर बसून राहिला, चहालासुद्धा उठला नाही. रोझालिनाने गडग्यावरून बघितलं. आत गेली, दोनांतलं एक कलम उचलून आणलं, पिशवीसकट गडग्यावर ठेवलं आणि बोटाने पलीकडे ढकललं. पिशवी ओल्या पाचोळ्यात पडली.

डॉमिंगोने मान वर केली.

"जा काय तुझ्या खळ्यात पडला, ता तुझा," ती म्हणाली. किती वर्षांनी गडग्यावरून गेलेला तो पहिला शब्द.

सकाळी पिशवी तिथे नव्हती. जुन्या बुंध्यापासून थोडं बाजूला, चांगला खड्डा खणून, कुंपण करून कलम लावलेलं होतं. रोझालिना बघत राहिली. वर्षभराने मात्र तिला राहवेना. कलमाच्या सांध्याखालून बाठ्याचाच एक फुटवा, कलमाचं बळ खाणारा, जोरात वर आला होता आणि डॉमिंगो त्यालाच काठीचा आधार देत होता!

"रे डॉमिंगो! तो खालचो काड!"

"माझ्या झाडाक हात लावचो नाय!"

"हात खंय लावतंय? तोंडान सांगतंय! तू सोयऱ्याक उपाशी ठेवन वाटसराक जेवूक घालतंस!"

हातातली काठी त्याने खाली ठेवली. मग म्हणाला, "खंयचो काडू, ता माका कळणा नाय. तूच ये, वैनी."

त्या दिवशी ती गडगा चढून पलीकडे गेली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथले चार दगड निघाले होते, चालत जाता येईल एवढी वाट झाली होती. गडगा आपसूक पडला, असं डॉमिंगो सांगायचा. दगड मात्र बाजूला नीट रचलेले होते.

दोन्ही झाडं धरली. करकरीत फोड, रेषा नसलेला रस, जसा होता तसा. त्या दोन्हींवरून पुढे रोझालिनाने काड्या घेतल्या, आणि आज वाडीत क्वचितच घर असेल जिथे तो आंबा नाही. देवबागला भाची दिली, तिच्या दारातही आहे. लोक त्याला रोझालिनाचा आंबा म्हणायचे. "इनेसमायचो," ती सुधारायची, आणि वर सांगायची, "वांदरांनी दिलेलो, मी बांधलेलो." ताठ मानेने सांगायची.

आता ती नाही. वस्तरा सून मेल्विना चालवते. पण रोझालिनाचा शेवटचा पावसाळाही इतरांसारखाच गेला. गुडघे दुखत होते, तरी छत्री घेऊन वाटेतून पलीकडे गेली, वाकली, आणि डॉमिंगोच्या झाडाच्या सांध्याखाली आलेला फुटवा नखाने खुडला.

"इतकी वर्षां झाली, अजून तुका खालचो वयलो कळणा नाय?"

"कळता मां," डॉमिंगो म्हणाला. "तू येतलंस म्हणान ठेवलंय."

"खुळो," ती म्हणाली. फुटवा त्याच्या शेळीपुढे टाकला, हात लुगड्याला पुसले आणि चुलीवर कालवण आहे म्हणून घाईने घराकडे वळली.