कोकमची खरूज आणि आईचं उटणं

डॉक्टरांनी मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं आणि म्हणाल्या, "ताई, या, तुम्हीच बघा."

मी एक डोळा मिटून बघितलं. आखूड पायांचा, गोल, पारदर्शक असा एक जीव सरकत होता. मग त्याच्या बाजूला दुसरा दिसला.

"हे माइट्स," डॉक्टर म्हणाल्या. "डोळ्यांना न दिसणारे किडे. कातडीत बोगदे करतात, तिथेच अंडी घालतात. तुमच्या दोघींना मेंज झालाय, म्हणजे साध्या भाषेत खरूज. काजूची आटोक्यात आहे. कोकमची वाईट आहे."

"मरणार नाही ना?" मी विचारलं.

"खाज इतकी वाढते की यांना फिट्स येतात. कधीकधी त्या फिटमध्ये जातात. म्हणून आज मी काही कबूल करत नाही. पण औषध आहे आणि ते चांगलं आहे."

काजू आणि कोकम या आमच्या गिनीपिग. हे लिहायचं कारण एवढंच की तेव्हा मी मराठीत शोध शोध शोधलं आणि काही म्हणजे काही मिळालं नाही. तुमच्या घरी असं जनावर असेल आणि ते खाजवत असेल, तर आमचं काय बरोबर झालं आणि काय चुकलं, दोन्ही वाचा.

मी मुलुंड पूर्वेला राहते, मी आणि आई. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब घर सोडून गेलं आणि जाताना कचऱ्याच्या शेडपाशी पिंजरा ठेवून गेलं. आत या दोघी. वॉचमन म्हणाला, "मॅडम, सकाळी गाडी येईल, तेव्हा बघू." गाडी म्हणजे कुठली ते मला कळलं आणि माझं डोकं सटकलं. घर सोडताना गॅसची शेगडी आठवणीने नेतात लोक, पंखे काढून नेतात, आणि जिवंत जनावर ठेवून जातात. पिंजरा उचलला आणि वर आणला.

आई दारातच उभी. आई मूळची मालवणची, आणि रागावली की तिची मालवणी जास्तच पक्की होते. "काय गो, उंदीर हाडलंस घरात?"

"उंदीर नाहीत गं. दोन दिवस ठेवू, मग कुणाला तरी देऊ."

"दोन दिवसांनी एकतर ही रवतली, नायतर मी रवतलंय," आई म्हणाली आणि आत गेली. रवणं म्हणजे राहणं.

ते दोन दिवस कधी संपले ते कुणी विचारलं नाही. नावं तर आईनेच ठेवली. फिकट पिवळी ती काजू, काळपट तांबडी ती कोकम.

नवरात्रात कोकमच्या मानेमागचे केस गेले आणि कोंडा पडायला लागला. आम्हाला वाटलं ऑक्टोबरचा उकाडा, घामोळं असेल. आईने खोबरेल तेलात कडुनिंबाचा पाला उकळला आणि चोळला. मलाही ते बरोबरच वाटलं, कारण लहानपणी मला कुठेही खाज आली की हेच व्हायचं. पण तेलाने केस चपचपीत झाले आणि खालची कातडी दिसेनाशी झाली. ती दिसली तोवर पाठीवर जखमा होत्या, त्यावर पिवळ्या खपल्या. हात लावला की कोकम किंचाळायची. तेलाने माइट्स मरत नाहीत. आमचा आठवडाभर त्यात गेला.

स्टेशनजवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिला नुसतं बघितलं आणि सरळ सांगितलं, "मी कुत्र्या-मांजरांचा. यांना औषध चुकलं तर जीव जातो. बोरीवलीला एक मॅडम एक्झॉटिक बघतात, तिकडे जा." एक्झॉटिक म्हणजे कुत्रा-मांजर सोडून बाकीचे पाळीव, ससे, पोपट, कासवं वगैरे. आपल्याला येत नाही असं सांगणारा डॉक्टर भेटणं हे नशीब आहे. मला ते त्या दिवशी कळलं नव्हतं, मी उलट वैतागले होते.

बोरीवलीच्या वेटिंग रूममध्ये माझ्या एका बाजूला बादलीत कासव होतं आणि दुसऱ्या बाजूला एक पोपट, जो दर दोन मिनिटांनी "कौन है?" असं विचारायचा. तिथे कुणी कुणाला "उंदरासाठी एवढ्या लांब आलात?" असं म्हणत नाही. मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तिथे.

डॉक्टरांनी आधी स्किन स्क्रेपिंग केलं. म्हणजे बोथट ब्लेडने कातडी अगदी हलकी खरवडायची आणि तो भुगा मायक्रोस्कोपखाली बघायचा. मग स्पॉट-ऑन. हे औषध मानेमागे केस बाजूला करून थेट कातडीवर थेंबाने सोडतात, ते तिथून अंगात शोषलं जातं. अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून अंडी फुटून बाहेर आलेल्यांसाठी थोड्या दिवसांनी पुन्हा डोस. जखमांसाठी अँटिबायोटिक दिलं आणि बजावलं की माणसांचं घरात उरलेलं कधी द्यायचं नाही, काहींनी यांच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि जनावर हातचं जातं. ढोबळी मिरची रोज, कारण यांच्या शरीरात सी व्हिटॅमिन तयार होत नाही. पिंजऱ्यात अंथरलेली फडकी रोज बदलायची, उकळत्या पाण्यातून काढायची. "आणि अंघोळ नाही," शेवटी म्हणाल्या. "औषध लावलं की पाणी लावायचंच नाही."

हे सगळं मी घरी येऊन आईला एकेक करून सांगितलं. आईने मान हलवली. तिच्याही हातांवर तोवर लाल पुळ्या आल्या होत्या. डॉक्टर म्हणाल्या होत्या की हे माइट्स माणसाच्या अंगावर संसार मांडत नाहीत, जनावर बरं झालं की आपलं आपोआप जातं. तरी मी आईला हातमोजे आणून दिले. तिने ते भांडी घासायला वापरले.

पहिल्या डोसनंतर काजू झकास झाली. कोकमची खाज निम्म्यावर आली, पण जखमा ओल्याच होत्या. खरी बदलली ती आई. मी घाटकोपरला ऑफिसात गेले की या तिघींचं राज्य. संध्याकाळी मी घरी आले तर कोथिंबिरीची अख्खी जुडी संपलेली असायची आणि आई म्हणायची, "माका काय म्हायत?" फ्रिजचं दार उघडलं की दोघी पिंजऱ्यातून शिट्ट्या मारायच्या. बाबा गेल्यानंतर आमच्या घरात एवढा आवाज नव्हता.

दुसरा डोस आला धनत्रयोदशीला. संध्याकाळी बोरीवलीहून परत आलो, आईने दारात दिवा लावला, छान होतं सगळं.

दुसऱ्या दिवशी पहिली अंघोळ. पहाटे मला उटण्याच्या वासाने जाग आली. स्वयंपाकघरात गेले तर आई पाटावर बसलेली, मांडीवर टॉवेल. टॉवेलात काजू, ओलीचिंब. समोर परातीत कोमट पाणी, त्यात कोकम, अंगभर उटणं.

"आई, काय करतेस तू?"

"न्हाऊक घालतंय. दिवाळीक घरातला कोण पारोसा रवता काय?" पारोसं म्हणजे बिनअंघोळीचं. अगदी शांतपणे म्हणाली.

"काल औषध लावलंय. पाणी लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"ती रोजची न्हाणी. ही दिवाळीची."

तिच्या दृष्टीने यात चूक कुठेच नव्हती. पहिली अंघोळ ही अंघोळ नसतेच आमच्याकडे. ताप असला तरी निदान कानामागे तेलाचं बोट लागतं, उटण्याचा हात फिरतो. डॉक्टरांनी मनाई केली ती अंघोळीला, पहिल्या अंघोळीला थोडीच केली होती.

मी कोकमला उचलायला वाकले आणि तिची मान मागे गेली. चारही पाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले. माझ्या तोंडून निघालं, "मारलंस तू तिला." तेव्हा आईचा चेहरा कसा झाला ते मी विसरलेले नाही.

डॉक्टरांना फोन लावला. एवढ्या पहाटे, दिवाळीच्या दिवशी, त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला. "घट्ट धरू नका," म्हणाल्या. "सुक्या टॉवेलमध्ये सैल गुंडाळा. खोक्यात ठेवा, अंधार करा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. तोंडात काही घालू नका. काजूला पण कोरडं करून आणा. मी क्लिनिक उघडते." हे पाठ करून ठेवा, मला यातलं एकेक वाक्य उपयोगी पडलं.

आई नव्या साडीत तशीच टॅक्सीत बसली, खोकं मांडीवर. लिंक रोड मोकळा होता. भांडुपच्या पुढे कुठेतरी ती खिडकीबाहेर बघत बोलली. "तुझो बापूस गेल्यापासून तेल लावूक घरात कोण नाय. तू हात लावूक देत नाय. काजूक लावलंय, ती गप रवली. माका बरा वाटला."

 खरंच होतं. दिवाळी असो, काही असो, मी शॉवरखाली दोन मिनिटांत उरकून बाहेर. मी तिच्या हातावर हात ठेवला, तिने तो तसाच राहू दिला.

डॉक्टर क्लिनिकच्या शटरपाशीच उभ्या होत्या. त्यांच्या कानामागे उटणं तसंच राहिलं होतं. त्यांनी कोकमला झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, खालून ऊब दिली, आणि अंग सैल पडल्यावर कापसाने जखमांतलं उटणं टिपून काढलं. आम्ही बाहेर बाकावर. आई पदराशी चाळा करत होती. बाहेर कुठेतरी फटाक्यांची माळ लागली की दचकायची आणि आतल्या दाराकडे बघायची.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या आणि आईसमोर खुर्ची ओढून बसल्या. "आजी, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पाण्याने अंग गार पडलं, उटण्याने जखमा झोंबल्या, त्यात फिट आली. कालचं औषध किती धुतलं गेलं तेही कळायला मार्ग नाही, आणि आज परत लावलं तर जास्त होईल. पण ती फिटच्या काठावर आधीपासून होती. तुमच्या एकटीमुळे नाही झालं हे."

"माझ्या हातान झाला ना पण," आई म्हणाली.

"हो. आता तुमच्याच हातांनी भरवायचं. गिनीपिगने खाणं थांबवलं की आतडी थांबतात, आणि मग मी काही करू शकत नाही. तिने खाल्लं तर ती जगली."

पेलेट म्हणजे यांचं गोळ्यांसारखं खाणं. ते भिजवून पातळ करायचं आणि बिनसुईच्या सिरिंजने, गालाच्या बाजूने, थेंबथेंब. दर दोन तासांनी. मला जमेना. आईने मला बाजूला केलं. तिने लहानपणी मला असंच भरवलं असणार, मांडीत घेऊन, मानेखाली हात घालून. कोकम गिळत होती. चावत मात्र नव्हती.

संध्याकाळी तिला घरी सोडलं. त्या लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे लक्ष्मी थोडी ताटकळली. आधी कोकमचं पोट, मग पूजा, असं आईनेच ठरवलं. फराळ डब्यातच राहिला. मी आईची माफी मागितली. "तोंड तुझा बापाशीचाच आसा," एवढंच म्हणाली आणि पुढची सिरिंज भरली.

पाडव्याला दुपारी मी ओट्यापाशी होते. आई जमिनीवर बसून काजूला कोथिंबीर देत होती, कोकम मांडीत. एकदम आईचा आवाज आला, अगदी हळू, जोरात बोललं तर मोडेल अशा भीतीने. "बघ गो. खाता ती. आपसून खाता."

कोकमने काजूच्या तोंडची काडी ओढून घेतली होती आणि कुरकुर चावत होती. मी जमिनीवर बसले आणि रडले. आईने मला रडू दिलं, मग म्हणाली, "आता करंज्यो काढ. माका भूक लागली."

पुढचा डोस डॉक्टरांनी दिवस मोजून दिला, त्यानंतर आणखी एक. मग शेवटचं स्क्रेपिंग. मी आणि आई दोघी मायक्रोस्कोपपाशी उभ्या. डॉक्टरांनी काच इकडे-तिकडे सरकवली, बराच वेळ. "एकही नाही," म्हणाल्या. आईला स्वतः बघायचं होतं. तिने बघितलं, काही दिसलं नाही, म्हणून फारच खूश झाली. काही आठवड्यांत कोकमच्या पाठीवर लव आली, मग केस, आधीपेक्षा दाट.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. खाजवतंय म्हणजे उकाडा असेल, असं धरून बसू नका. तेल लावू नका. ज्याला यांचं कळतं त्याच डॉक्टरकडे जा, लांब असला तरी. आणि घरातल्या माणसांना सांगताना सणासकट सांगा. त्यांच्या मनात प्रेम असतं आणि प्रेमाचे नियम वेगळे असतात, ते गृहीत धरून सांगा.

आमच्याकडे आता रविवारी सकाळी मी पाटावर बसते आणि आई डोक्याला तेल लावते. ऑफिसात माझे केस सोमवारीही वास मारतात. मारू देत.

यंदाच्या पहिल्या अंघोळीला तिने मला पहाटे उठवलं, पाठ, हात, सगळं चोळून काढलं, कुरकुर करू दिली नाही. मग निरांजन लावलं आणि पिंजऱ्याकडे निघाली. मी ओल्या केसांनीच मागे धावले. पण उटण्याची वाटी तिने ओट्यावर, अगदी भिंतीला लावून ठेवली होती. हातात फक्त ताम्हन आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या.

तिने दोघींना लांबूनच ओवाळलं. कोकम जाळीला नाक लावून शिट्टी मारत होती, तिला फक्त कोथिंबीर दिसत होती. आईने एक काडी आत सोडली आणि म्हणाली, "पारोशीच रवा, बायांनो. पण रवा."