दोन कॅमेरे आणि यांचा उजवा हात

नवा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की आमच्या भागातले फोटोग्राफर आधी आमच्या आरमोरीच्या स्टुडिओत चक्कर मारतात. यांना नमस्कार करतात आणि प्रश्न मला विचारतात. फोटो हे काढतात आणि कॅमेऱ्यांवर भाषण मी देते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा पहिला सवाल ठरलेला असतो : लग्नाचं काम करायचं आहे की पाखरांचं? लग्नाचं असेल तर मोठ्या सेन्सरचा मिररलेस कॅमेरा घ्या, मांडवातल्या मरतुकड्या उजेडातही नवरीचा चेहरा स्वच्छ येतो. पाखरांचं असेल तर लहान सेन्सरचा, हलका घ्या. त्याच लेन्समध्ये पाखरू जवळ दिसतं, ते उडत असलं तरी कॅमेरा त्याचा डोळा सोडत नाही, आणि सकाळभर धरून बसलं तरी मान मोडत नाही. एवढं मी घडाघडा बोलते. आणखी एक गोष्ट असते, ती सांगताना मात्र माझी जीभ अडखळते. काही कॅमेऱ्यांत हाताची थरथर आतल्या आत सावरून घेण्याची सोय असते, काहींत नसते. त्या सोयीपायी माझ्या नवऱ्याचा आजार दोन वर्षं माझ्यापासून लपून राहिला.

यांना कंपवात आहे. उजव्या हाताला, म्हणजे ज्या बोटानं फोटो निघतो त्याच हाताला. आता औषध चालू आहे, कामही थोडंफार चालू आहे. पण मधली दोन वर्षं गेली ती गेली, आणि त्या वर्षांची हळहळ माझ्या मनातून जात नाही.

हे ढिवराच्या घरचे. सासरे आणि दीर गावच्या तलावावर मासोळ्या धरायचे. यांनी जाळं सोडून कॅमेरा धरला, पण तलाव काही सुटला नाही. हिवाळ्यात लग्नं नसली की सकाळी जुना कॅमेरा आणि लांब लेन्स घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायचे. चोचीवर पिवळा आणि तांबडा ठिपका असलेलं हळदीकुंकू बदक असतं ना, त्याचा थवा पाण्यावरून उठतानाचा फोटो यांना हवा होता. एकच फोटो, सगळी पाखरं लख्ख. "आपल्याच पान्यावरची पाखरं हायेत, आपनच काढाले पायजे," म्हणायचे. जुन्या कॅमेऱ्याला ते जमत नव्हतं. पहिलं पाखरू नीट यायचं आणि मागची सगळी धुक्यात गेल्यासारखी. मी चिडवायची, "नवरीले 'थांब' म्हनता येते, बदकाले कसं म्हनाल?" हे हसायचे आणि पुन्हा जायचे. तेवढा एक हट्ट या माणसानं स्वतःसाठी केला होता, बाकी सगळं घरासाठी आणि गिऱ्हाइकांसाठी.

मग लग्नाचे फोटो हलायला लागले. सुरुवातीला दहा-वीसात एखादा. वडशाच्या एका लग्नात नवरीचा बाप जावयाचे पाय धुतोय तो फोटो हललेला निघाला, आणि तो फोटो हलला तर लग्नघराला काय तोंड दाखवायचं? नशिबानं मी बाजूनं काढलेला एक होता, त्यावर भागवलं. माझी कामाची रीत अशी की हललेला फोटो मी दुसऱ्यांदा बघत नाही. दिसला की उडवला. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. खराब माल कोण साठवून ठेवतो? मी कॅमेऱ्याला शिव्या दिल्या. म्हटलं, म्हातारा झाला, शटर थकलं, याला आता घरी बसवा. हेही म्हणाले, "हो, थकला वाटते." आमच्या घरात फोटो बिघडला की खोट कॅमेऱ्यातच शोधायची, हे पहिल्यापासूनचं. हाताकडे पाहायचं कोणाला सुचलंच नाही.

नवा घ्यायला आम्ही नागपूरला गेलो. जायच्या आधी मी पुष्कळ अभ्यास केला होता, रोज भाकरी टाकता टाकता मोबाइलवर व्हिडिओ लावून. माझं पक्कं झालं होतं : हलका घ्यायचा. लग्नाला फ्लॅश आहेच की, उजेडाची चिंता कशाला? दोन कार्डं बसतात, एक बिघडलं तरी दुसऱ्यात फोटो राहतात. मेच्या उन्हात आमच्याकडे कॅमेरे असे तापतात की व्हिडिओ मध्येच बंद पडतो. हा त्यातल्या त्यात कमी तापणारा. आणि मुख्य म्हणजे पाखरं. मी तोंडानं हिशेबाची भाषा बोलत होते, पण मनात तलावाची पाळ होती. यांना त्यांचा थवा मिळावा, असं मला वाटत होतं. ते तसं सरळ बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. पण माझा स्वभाव असा की मायेची गोष्टही मी भांडणाच्या सुरात सांगते.

दुकानदारानं दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवले. हलका आणि मोठा. यांनी हलका डोळ्याला लावला, रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवर रोखून बराच वेळ पाहत राहिले. मग तो ठेवला आणि मोठा उचलला. त्याच पाटीवर रोखला. पुन्हा हलका. पुन्हा मोठा. फोटो एकही काढला नाही. शेवटी मोठा छातीशी धरून म्हणाले, "हाच घेऊ."

मी उडालेच. "तो काऊन? केवढा जड हाय!"

दुकानदार मध्येच म्हणाला, "ताई, याच्यात हाताची थरथर कॅमेराच सावरून घेते. हलक्यात ती सोय नाही."

"यायच्या हाताले त्याची काय गरज?" मी म्हटलं. "ज्यायचे हात हलते त्यायच्यासाठी हाय ते."

मी त्यांच्याकडे वळले. "अन् पाखरं? पाखरं कशी काढान याच्यावर?"

"पाखरं राहू दे आता," हे म्हणाले.

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. वाटलं, दुसऱ्या फोटोग्राफरांच्या गळ्यात मोठे कॅमेरे पाहून यांनाही मोठेपणा मिरवायचा आहे. दुकानात सगळ्यांसमोर मी दोन कॅमेऱ्यांची तुलना पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवली. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठा बांधून घेतला. परतीच्या बसमध्ये मी नागभीडपर्यंत तोंड फुगवून बसले होते. नागभीडला यांनी भजी आणून दिली, ती खाल्ली, पण बोलले नाही.

पुढच्या लग्नांचे फोटो आले आणि मला हार मानावी लागली. एकही फोटो हललेला नाही. हळदीचे, पंगतीचे, मंगलाष्टकांच्या वेळचे, अंधाऱ्या घरात देवाला नमस्कार करतानाचे, सगळे कसे लख्ख. मी खुशीनं येईल त्याला दाखवत सुटले. "पहा, यायचा हात पहा. खांब रोवल्यावानी हाय अजून," असं म्हणायची. हे बाजूला उभे असले तर बाहेर निघून जायचे. मी समजायची, लाजतात.

बाकीचं सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यावर विनोद करत होते. चहाचा कप अर्धाच भर म्हणायचे, तर मी म्हणायची, साखरेची काटकसर चालली वाटते. शर्टाची गुंडी डाव्या हातानं लावायचे, तर मी म्हणायची, नवीन फॅशन निघाली. लग्नात पंगतीला बसायचं टाळायचे, मागून जेवतो म्हणायचे. फोटोग्राफर शेवटीच जेवतो, त्यात काय नवल? लांब लेन्स कपाटात गेली. हिवाळा आला तरी पाळीवर जाणं नाही. विचारलं तर, "कॅमेरा जड हाय ना, खांदा दुखते." मी लगेच तोंड सोडायची, "तरी मी सांगत होती!" हेच वाक्य मी त्या दोन वर्षांत किती वेळा म्हटलं असेल! आता आठवलं की स्वतःच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो.

मग एका मे महिन्यात गडचिरोलीकडच्या एका गावी लग्न होतं. नवरीचे फोटो हे काढत होते, मी कॅमेऱ्यावर ओला दुपट्टा टाकून व्हिडिओ घेत होते. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तो व्हिडिओ लावून बसले. मांडवात अक्षता वाटणं चाललेलं होतं आणि एका कोपऱ्यात हे दिसत होते. कोणी आपल्याकडे बघत नाही असं समजून माणूस जसा उभा राहतो, तसे उभे. कॅमेरा गळ्यात, उजवा हात मांडीशी सोडलेला. आणि त्या हाताचा अंगठा आणि बोट एकसारखी चालत होती, चिमटीत धानाचा दाणा घेऊन चोळून पाहावा तशी. मी व्हिडिओ मागे नेला, पुन्हा पाहिला. नवरीनं मान वर केली तेव्हा यांनी दोन्ही हातांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि नेमका क्षण येईपर्यंत धरून ठेवला. लेन्सचं टोक बारीक बारीक हलत होतं.

त्याच क्षणी यांनी काढलेला फोटो मी शोधून काढला. मोठा करून पाहिला. नवरीच्या पापणीचा केस न केस वेगळा दिसत होता. मी एका पडद्यावर हलणारा हात आणि दुसऱ्यावर तो लख्ख फोटो ठेवून बसले होते.

हे दुपारचं जेवून आले, माझ्या मागे उभे राहिले. पडद्यावर काय आहे ते त्यांनी पाहिलं. मी वळून बघितलं नाही. मग म्हणाले, "दिसलं का तुले?"

त्याच आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे. मी म्हटलं, आत्ताच लक्षात आलं. हे खाली बघत म्हणाले, "नवा कॅमेरा घ्यायच्या आधीपासून." डॉक्टर चांगले होते, आमच्यावर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले की हा आजार औषधानं जात नाही, पण आम्ही वेळेवर आलो असतो तर ही दोन वर्षं हात बराच ताब्यात राहिला असता, मनासारखं काम करता आलं असतं. मनासारखं काम म्हणजे काय, ते त्यांना माहीत नव्हतं. आम्हा दोघांना होतं. मला तिथं बसल्या जागी रडू आलं आणि मी ते दाबलं नाही.

परतीच्या बसमध्ये यांना खिडकीशी बसवलं. उमरेड गेल्यावर मी विचारलं, "दुकानात तेवढा वेळ काय पाहून राह्यले होते तुमी?"

"हलक्यातून पाहिलं तं पाटी हलत होती," हे म्हणाले. "मोठ्यातून पाहिलं तं थांबली. मले तं तितीच समजलं."

"मग मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगणार होतो. लग्नाचा सीझन होता, म्हटलं होऊन जाऊ दे. मग तू माझ्या हाताची तारीफ कराले लागली. कोनी आलं का तू फोटो दाखवे. मग कसं सांगू?"

मी त्यांचा हात माझ्या मांडीवर घेतला. तो हलत होता, आणि मी तो घट्ट धरला तरी आतून हलतच राहिला.

गाडी एका तलावाच्या पाळीवरून जात होती. उन्हाळ्यानं पाणी आत सरकलं होतं, मध्ये थोडी पाखरं बसली होती. हे मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाखराईसाठी हलकावालाच चांगला होता. तुयं बरोबर होतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कुठल्याही भांडणात या माणसानं माझं असं कधी कबूल केलं नव्हतं. मी म्हटलं, "नाई. माझं चुकलं होतं." हे नाही म्हणाले, मी हो म्हणाले, आणि आरमोरी येईपर्यंत आम्ही दोघं त्याच गोष्टीवर हळू आवाजात भांडत राहिलो.