तिवरांखालचा हिरवा पापुद्रा

डेंग्यूमुळे मी शिळफाट्याच्या दवाखान्यात पडून होते, आई माझ्या उशाशी होती, आणि कर्जतच्या घरी खिडकीतल्या काचेच्या बशांकडे बघायला कुणीच नव्हतं. त्या बशांत माझं संशोधन होतं. खाडीकाठी तिवरांच्या झाडांखालचं भरतीचं पाणी ओसरल्यावर सुरीनं अलगद कापून आणलेले चिखलाचे पापुद्रे. वरून हिरवट-काळे, मऊ. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र नुसते धागे, केसाहून कितीतरी बारीक, एकमेकांत गुंतलेले. आपण त्याला शेवाळ म्हणतो, पण खरं तर ते जिवाणू. उन्हावर आपलं अन्न करणारे आणि बुळबुळीत वेष्टनानं चिखल धरून ठेवणारे.

त्यांचं वर्णन मला लिहायचं होतं. धाग्यांची रुंदी, टोकाच्या पेशीचा आकार लिहून झाला होता. ते सरकतात कसे, हे राहिलं होतं. त्यासाठी ते जिवंत हवेत. आणि जिथून आणले, तिथं आता भराव पडला होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेची दुरुस्ती निघाली, म्हणून बशा घरी आल्या होत्या. पाणी आटलं की बशीवरच्या खुणेपर्यंत भरायचं, हे काम आईचं.

घरी आलो तशी ती आधी खिडकीशी गेली. पापुद्रे आक्रसून कडक झाले होते, वर मिठाचा पांढरा थर.

"मेलं गं सगळं," ती मटकन खाली बसली. "माझ्या ध्यानातच नाय राहिलं."

"अगं, तू माझ्यापाशी होतीस."

"पण तुझी एवढी मेहनत..." ती रडायलाच लागली.

मला उभं राहवत नव्हतं, तरी मी बशा खुणेपर्यंत भरल्या. आशा अशी नव्हती. तिला रडताना नुसतं बघत बसणं जमेना.

बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी एका पापुद्र्याची कड गर्द हिरवी दिसली. कॉलेजातल्या माझ्या सरांनी उसन्या दिलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली मी तेवढा तुकडा ठेवला. धागे निपचित होते. बघता बघता त्यातला एक हळूच पुढं सरकला, थांबला, मागं आला. वाळताना त्या वेष्टनानंच त्यांना तगवलं असणार.

मी आईला हाक मारली. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"हलतंय गं! जितं हाय!"

ती हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. माझ्या आजारपणानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.