परक्या विमानतळावर मागितलेला जोगवा

पॅरिसच्या विमानतळावर बाहेरच्या दारापाशी आले आणि समोर उभ्या असलेल्या माणसांत आमचे जावई दिसले नाहीत, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा देवीचं नाव आलं नाही. देवी अंबडच्या टेकडीवर राहिली, इथं तिचं काय चालणार, असा विचार आला. जन्मभर जिच्यापुढे दिवा लावला तिच्याबद्दल असं मनात यावं, याचं मला तेव्हा वाईटही वाटलं नाही. इतकी मी घाबरले होते. पुढे जे घडलं ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. चार बायकांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरते. म्हणून जमेल तसं लिहून ठेवते.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. बदनापूरपासून थोडं आत आमचं गाव आहे. सासरे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. मालकांनी ते फिरणं सोडून शेती धरली, दावणीला थोड्या शेळ्या ठेवल्या. मी तर कुठंच फिरले नाही. जालन्याला बाजाराला गेले तरी मालकांच्या मागून चालायचं, दुकानदाराने काही विचारलं की मालकांकडे बघायचं, ही माझी रीत. आमची एकुलती लेक अर्चना शिकली. तिचं लग्न झालं ते बियाण्याच्या कंपनीत काम करणाऱ्या मुलाशी. पुढे त्याच कामातून जावयांना पॅरिसला नोकरी लागली आणि लेक तिकडे गेली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ती फोनवर रडून म्हणाली, "आई, या वेळी तू पाहिजेस." तिला नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती, आणि एकटीने विमानात बसायचीही नव्हती.

मग रोज संध्याकाळी ती मला फोनवरून तिथली भाषा शिकवू लागली. नमस्काराला बाँझूर, कृपा करून म्हणायचं तर सिल वू प्ले, आभाराला मेर्सी, माझी लेक म्हणजे मा फिय. दवाखान्याला ओपिताल. शेळ्यांना पाला टाकताना मी ते घोकत असायची. मालक ओसरीवरून हसायचे. "बदनापूरच्या स्टेशनावर तुला तिकीट मागता येत न्हाई अन् तू पॅरिसला चालली! शेळ्या मातर तयार झाल्या. सकाळी एक मला बाँझूर म्हणून राह्यली."

"मंग तिलाच धाडा," मी म्हणायची.

"तिला धाडलं तर दूध कोण देईल? तू बराबर जा. अन् तिथं तोंड उघड जरा."

बाळंतपणाला अजून दीड महिना होता, म्हणून कुणालाच घाई नव्हती. मुंबईपर्यंत माझा भाऊ सोबत आला. विमानात बसायच्या थोडं आधी जावयांचा फोन आला. आवाज बदललेला होता. "मामी, अर्चनाचं बीपी लई वाढलंय. दवाखान्यात भरती केलंय. डॉक्टर म्हणून राह्यले, उद्या ऑपरेशन करून बाळ काढावं लागंल. मी दारात दिसलो न्हाई तर थांबू नका. बी नावाच्या ट्रेननं या, पोर-रोयाल स्टेशनला उतरा, दवाखाना जवळच आहे. मधे कुठं उतरू नका, बिलकुल न्हाई. ती सारखी म्हणते, आई आल्याबिगर मी आत जाणार न्हाई." मी एवढंच विचारलं, "ती बोलती ना?" ते म्हणाले, बोलते. सगळ्या प्रवासात मी तो एक शब्द धरून बसले होते. मनातल्या मनात देवीशी सौदाही करत होते. लेकीला सुखरूप सोडव, मी साडी-चोळी वाहीन, अनवाणी टेकडी चढेन. एक नवस बोलून झाला की तो कमी वाटायचा, मग दुसरा.

तर अशी मी त्या दारापाशी उभी राहिले. माझ्या फोनला तिथं रेंज नव्हती. थांबू नका असं जावई म्हणाले होते, पण पाय उचलेना. समोर एक काउंटर होतं, मागे एक बाई बसलेली होती. मी तिथं जाऊन डोक्यावरचा पदर सारखा केला, मान खाली घातली आणि बाजूला उभी राहिले. आमच्याकडे कुणाच्या दारात असं उभं राहिलं की घरातून लगेच आवाज येतो, कोण गं, काय पाहिजे? बाईमाणसाने स्वतःहून तोंड उघडायची वेळच येत नाही. मी त्याच आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. माझ्या मागून लोक आले, काउंटरवाल्या बाईशी बोलले, निघून गेले. तिने एकदोनदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. तिची चूक नव्हती. काही हवं असेल तर ही बोलेल, असं तिला वाटलं असणार. आणि कुणीतरी आपल्याला विचारेल म्हणून मी खांबासारखी थांबले होते. तिकडे माझी लेक ऑपरेशनच्या दारात माझ्यासाठी थांबली होती.

खांबासारखी हा शब्द मनात आला आणि सासूबाईंचा आवाजच ऐकू आला म्हणा. आमच्या घरात देवीचा जोगवा आहे. मंगळवारी, शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जायचं, पीठ-धान्य मागायचं, त्याचा नैवेद्य करायचा. घरात पोत्याने ज्वारी असली तरी मागायचं. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी परडी माझ्या हातात दिली आणि मी पहिल्याच दारात मुकी उभी राहिले. त्या मागून कडाडल्या, "खांबासारखी काय उभी राह्यली! लोकांना वाटंल, घर चुकली. आवाज दे. देवीसाठी मागायला लाज कशाची? अन् ज्यानं न्हाई वाढलं त्याच्यावर रुसायचं न्हाई. पुढच्या दारात जायचं." तेव्हा मला ती शिक्षा वाटायची.

त्या विमानतळावर मी स्वतःला म्हटलं, हा जोगवाच समज. काउंटरपाशी आता रांग लागली होती, म्हणून मी वळले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना आवाज दिला. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. "बाँझूर. सिल वू प्ले. मा फिय. ओपिताल." पहिली बाई मान हलवून गेली. दुसरा माणूस फोनवर बोलत होता, त्याने थांबूनही बघितलं नाही. तिसऱ्याने थांबून ऐकलं, खिशात हात घातला, एक नाणं काढलं, माझ्या पदरात टाकलं आणि तो चालू लागला.

तेव्हा मी खाली बघितलं. जोगवा मागायची सवय हाताला होती. बोलता बोलता मी पदराची दोन टोकं धरून तो पुढे पसरला होता. मला कळलंच नव्हतं. त्या भल्या माणसाला मी भिकारीण वाटले. अंगावरून गरम पाणी ओतल्यासारखं झालं. माझं गाव, आमची शेती, शिकलेली लेक, सगळं ओरडून सांगावं असं वाटलं, आणि सांगायला तोंडात होते ते एवढे चार शब्द. मी तशीच उभी होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. मग आतून काहीतरी सैल झालं. हे मला नीट सांगता येत नाही. जोगव्यात पदरात काय पडतं ते मागणाऱ्याने ठरवायचं नसतं. मी आजवर देवीपुढे पदर पसरला तो सुद्धा काय पाहिजे ते सांगून, बदल्यात काय देईन ते सांगून. त्या क्षणी माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं आणि मी कोण आहे हे दाखवायलाही काही नव्हतं. मी मनात म्हटलं, आई, लेक तुझी, मी पण तुझी. आता जे टाकशील ते.

कुणीतरी माझ्या हातातली पदराची टोकं सोडवली. डोळे पुसून बघितलं तर एक म्हातारी होती. रंगाने काळी, उंच, डोक्याला पिवळंधमक फडकं बांधलेलं, कमरेला तसंच फुलाफुलांचं लुगड्यासारखं वस्त्र. तिने ते नाणं माझ्या मुठीत दाबलं, पदर उचलून माझ्या खांद्यावर नीट टाकला, एखादी थोरली जाऊ टाकेल तसा, आणि काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण ज्या आवाजाची मी एवढा वेळ वाट बघत होते तोच तो आवाज होता. कोण गं, काय पाहिजे?

"बाँझूर," मी म्हटलं. "मा फिय. ओपिताल. पोर-रोयाल." आणि पोटावरून हात फिरवून दाखवला.

तिचा चेहरा एकदम बदलला. "मामाँ," ती म्हणाली, माझा हात धरला आणि चालू लागली. मी एवढी मोठी बाई, पण लहान पोरीसारखी तिच्या मागे गेले. जिने, सरकते पट्टे, लांबलचक बोळ. मशीनपाशी तिने माझ्याकडची, भावाने मुंबईत बदलून दिलेली नोट घालून तिकीट काढलं, उरलेले पैसे माझ्या पिशवीत टाकले आणि पिशवीची चेन स्वतः लावली. गाडीत शेजारी बसली. आम्ही काय बोलणार? तिने बोटाने वर दाखवून डोळे मिटले, मीही हात जोडले. तिचा देव कोणता ते मी विचारलं नाही. विचारायला शब्दही नव्हते.

अर्ध्या वाटेत गाडी जमिनीखालच्या एका मोठ्या स्टेशनात थांबली. भोंग्यावर काही सांगितलं आणि सगळे लोक उठून उतरू लागले. मी बसूनच राहिले. मधे उतरू नका, बिलकुल नाही, असं जावयांनी बजावलं होतं. म्हातारीने मला दंडाला धरून उठवलं. मी मान हलवली, "पोर-रोयाल, पोर-रोयाल" म्हणाले. ती हसली, रिकाम्या डब्याकडे हात केला, "वने, मामाँ, वने," म्हणाली आणि ओढतच बाहेर काढलं. आमच्या मागे त्या गाडीतले दिवे विझले. ती पुढे जाणारच नव्हती. दुसऱ्या फलाटावरून आम्हाला दुसरी गाडी मिळाली. मी एकटी असते तर त्या अंधाऱ्या डब्यात बसून राहिले असते, आणि तेही जावयांचं ऐकते आहे या समाधानात.

स्टेशनच्या वर आल्यावर तिने मला रस्ता ओलांडून दवाखान्याच्या आत, टेबलापर्यंत नेलं. अर्चनाचं पूर्ण नाव मी सांगितलं, तिने ते टेबलावरच्या बाईला पुन्हा सांगितलं. मला मजला कळेपर्यंत ती थांबली. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने मधेच मला धरलं आणि माझं कपाळ आपल्या कपाळाला लावलं. लिफ्टचं दार उघडलं, मी आत गेले, वळून बघितलं तेव्हा ती बाहेरच्या दाराकडे निघाली होती. तिला कुठं जायचं होतं, माझ्यामुळे तिचं काय खोळंबलं, काही कळलं नाही. नावही राहिलं.

वर जावई भिंतीला टेकून बसले होते. मला बघून उठले आणि लहान मुलासारखे रडू लागले. अर्चनाला आत नेलं होतं. मी पोचायच्या थोडंच आधी. "वाट बघू म्हणत होती, मामी. डॉक्टर थांबायला तयार झाले न्हाईत." म्हणजे ज्यासाठी मी एवढी धावले तेच झालं नव्हतं. माझी लेक माझं तोंड न बघता आत गेली होती. विमानतळावर मी देवीला शब्द दिला होता, जे टाकशील ते. तो शब्द किती जड आहे हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं. त्यानंतर मी एकही नवस बोलले नाही. नुसतं तिचं नाव घेत राहिले. जावई म्हणाले, "मामी, मोठ्यानं म्हणा. मला बी बरं वाटंल." आणि मी, कधी चारचौघांत न बोलणारी, परक्या देशात त्या बाकावर मोठ्याने नाव घेत बसले. येणारे-जाणारे हळू पावलांनी गेले, कुणी हटकलं नाही.

मुलगा झाला. एवढासा, काचेच्या पेटीत ठेवलेला. मी बाळाला तेल लावायला, पहिली अंघोळ घालायला म्हणून गेले होते. त्यातलं काही माझ्या हातून होणार नव्हतं. नर्सने माझे हात धुवून घेतले आणि पेटीच्या भोकातून एक बोट आत घालू दिलं. मी त्याच्या तळपायाला टेकवलं. तो झोपलेलाच राहिला. छाती वरखाली होत होती, तेवढं मला पुरलं.

दुपारी अर्चनाने डोळे उघडले. नळ्या, सुया, ओठ सुकलेले. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, तू कशी आलीस गं? एकटी?"

"एकटी न्हाई आले," मी म्हटलं. "मला आणलं."

तिने कुणी ते विचारलं नाही. माझा हात गालाखाली घेतला आणि पुन्हा झोपली.

ती म्हातारी कोण होती, याचा मी फार विचार करत नाही. बाई होती, भली होती, तिच्या घरी तिची वाट बघणारं कुणी असेल. देवीने तिला धाडलं, असं माझं मन म्हणतं. कुणी नाही म्हटलं तर मी वाद घालणार नाही. लेक आणि नातू आता तिकडे चांगले आहेत. तो फोनवर हुंकार देतो आणि मालक त्याला शेळ्या दाखवतात. परत आल्यावर मी अंबडची टेकडी चढून आले, पण नवस फेडायला नाही. देवीपुढे बसले तेव्हा मागायच्या कितीतरी गोष्टी होत्या, त्या तिथं ठेवल्या. त्यांचं काय करायचं ते तिचं तिला कळतं. माझ्या ओठांवर फक्त एक शब्द आला, मेर्सी. देवीला तोही कळला असेल.